सिंधुदुर्गचा किनारा : गोड्या पाण्याचा वारसा

कोकणच्या किनाऱ्याला इतिहास आणि निसर्ग यांचे वरदान एकाच ठिकाणी लाभले आहे, याचा प्रत्यय मालवण परिसरात येतो. सागरी सत्तांना शह देण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. चोहोबाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तट कितीही भक्कम असला, तरी पिण्याचे पाणी नसते तर तेथे शिबंदी टिकली नसती. राजाराम महाराजांच्या काळातील श्रीशिवराजेश्वर मंदिरही याच किल्ल्यात आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग यांचा समावेश आहे.

एकेकाळी येथे पोहोचणे कष्टाचे होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळ किंवा कणकवली येथे उतरून मालवण गाठणे सुलभ झाले. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. अनेक ग्रामस्थांनी आपल्या घरीच पाहुण्यांची सोय केली असून, घावणे, माशांचे कालवण आणि सोलकढी यांचा आस्वाद तेथे घेता येतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, हे ध्यानात ठेवून प्रवास आखावा.

किल्ल्याभोवतालच्या समुद्रात प्रवाळांची वसाहत आहे. या परिसरास १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. प्रवाळ म्हणजे निर्जीव दगड नव्हेत. ते अत्यंत मंद गतीने वाढणारे जीव होत. होडीचा नांगर त्यांवर पडला किंवा पाणबुडी करणाऱ्या हौशी पर्यटकाने त्यांवर पाय दिला, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते.

भूगर्भातील गोड्या पाण्याचेही असेच आहे. किनाऱ्यालगत जमिनीतून बेसुमार उपसा झाला, की समुद्राचे खारे पाणी आत शिरते आणि एकदा खारावलेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. मग पाहुण्यांची सोय दूरच, गावाचीच तहान भागणे कठीण होते.

म्हणूनच किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी नव्या निवासस्थानांना परवानगी देताना पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशेब आधी मागावा. छपरावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची अट घालावी. शिक्षकांनी सहलीस निघण्यापूर्वी मुलांना विहिरींचे आणि प्रवाळांचे महत्त्व समजावून सांगावे. खोल्या आणि रस्ते पुन्हा बांधता येतात. मोडलेले प्रवाळ आणि खारावलेल्या विहिरी मात्र निधी मंजूर करून परत आणता येत नाहीत.