माळरान : पडीक जमीन नव्हे

सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, पुणे, सातारा, अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांतून विस्तीर्ण माळराने पसरलेली आहेत. बेताचा पाऊस, उथळ मुरमाड जमीन आणि दीर्घ कोरडा ऋतू ही त्यांची प्रमुख लक्षणे होत. उन्हाळ्यात ही भूमी उजाड भासते. त्यामुळेच महसुली व्यवहारात तिची गणना बहुधा पडीक जमिनीत होत आली. येथे पूर्वी घनदाट अरण्य होते व मनुष्याने ते नष्ट केले, असाही समज रूढ आहे. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मृदास्तरांच्या कार्बन-समस्थानिकांवरून असे दिसते की, उष्णप्रदेशीय गवतांचा प्रसार भारतीय उपखंडाच्या उत्तर भागात सुमारे ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी झाला. शेती व कुऱ्हाड या त्या मानाने फारच अलीकडच्या गोष्टी. खुद्द महाराष्ट्रापुरता पुरावा जुन्या मराठी वाङ्मयात मिळतो. पश्चिम महाराष्ट्रासंबंधीच्या वाङ्मयातील व लोकपरंपरेतील वनस्पतींच्या उल्लेखांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्या उल्लेखांत मोकळ्या गवताळ प्रदेशातील वनस्पतींचेच प्राबल्य असून ते सुमारे साडेसातशे वर्षे मागे जातात. तात्पर्य, माळरान हे सर्वत्र अरण्याचे अवशिष्ट रूप नव्हे. ती निसर्गाची एक स्वतंत्र व प्राचीन रचना आहे.

या रचनेचा आधार म्हणजे गवत. वृक्षाचा वाढता अंकुर फांदीच्या टोकाशी असतो. गवताचा तो बहुतांशी जमिनीलगत सुरक्षित राहतो. म्हणून चराईने वा वणव्याने वरचे पाते गेले तरी गवत पुन्हा फुटते. कुसळी या गवताचे बीज तर स्वतःच जमिनीत शिरते. त्याचे लांब कुसळ ओलाव्याने उलगडते व कोरड्या हवेत पिळले जाते. या गतीने टोकदार बीज मातीत रुतत जाते. जमिनीखाली मुळांचे दाट जाळे मातीची धूप रोखते, पाणी मुरू देते आणि कार्बनचा मोठा साठा भूमीतच धरून ठेवते.

माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल, काळवीट, खोकड व लांडगा हे या भूमीचे रहिवासी. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, आणि शत्रू दुरून दिसावा म्हणून त्यास मोकळे क्षितिज लागते. त्याच्या रक्षणार्थ १९७९ साली सोलापूरनजीक नान्नज परिसरात अभयारण्य स्थापन झाले. तथापि आज हा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. धनगरांच्या मेंढ्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या याच माळांनी पोसले आहे.

अशा भूमीवर हिरवाईच्या सद्हेतूने गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची दाट लागवड केली, तर काय घडते? सूर्यप्रकाशप्रिय गवत सावलीत खुरटते, मोकळी दृष्टी खुंटते आणि झाडांवर बसणाऱ्या शिकारी पक्ष्यांना जमिनीवरील अंडी व पिले हेरणे सुलभ होते. वृक्षसंख्या वाढते, परंतु त्या भूमीची मूळ जीवसृष्टी उणावते. अरण्यात जे हितकर, ते माळावर अपायकारक ठरू शकते.

याचा अर्थ माळरानास संरक्षणाची गरज नाही, असा नव्हे. अतिचराईने मारवेलसारखी सकस गवते मागे पडतात व निकस गवते बळावतात. नांगरटीने तर जुनी मुळेच उखडली जातात, आणि ती हानी भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. मर्यादित व आळीपाळीची चराई, देशी गवतांचे संवर्धन आणि विरळ बोरी-बाभळींचे जतन हे उपाय त्यास मानवणारे आहेत. परंतु त्यांपूर्वी एक गोष्ट घडली पाहिजे. ज्या जमिनीस ‘पडीक’ म्हटले जाते, तिच्यावर काहीही करण्यास मोकळीक आहे असे गृहीत धरले जाते. माळरानाच्या रक्षणाचा आरंभ हा शब्द दप्तरातून वगळण्यापासून व्हावयास हवा.