गोठ्यापुरती मका : पांढऱ्या कणसातला पिवळा दाणा

मुरघासाचा खड्डा या आठवड्यात घ्यायचा ठरला होता, तो राहू द्या. निमगाव केतकीच्या एका वाचकानं विचारलंय, "गाईंच्या भरड्यासाठी मार्केट यार्डातून मका आणतोच. तीच मूठभर पेरली तर काय बिघडलं? शेवटी चाराच करायचाय." हा प्रश्न चार दिवस डोक्यातून जाईना, म्हणून आधी त्याचंच.

बियाण्याच्या पिशवीचा भाव बघितला की हा विचार मनात येणारच. माझ्याही आला होता. एका रब्बीत अर्धा एकर मी भरड्याच्या पोत्यातलीच मका पेरली. उगवण विरळ झाली. मळणीत मार बसलेल्या, तापवून वाळवलेल्या दाण्याचा कोंभ मेलेला असतो, दिसायला दाणा कितीही टपोरा असो. उगवलं तेही कसं, तर एकाच सरीत एक ताट कमरेला, दुसरं डोक्याच्या वर. रोज कापून हिरवा चारा घालायचा असता तर निभावलं असतं. मला मुरघास करायचा होता. अर्ध्या कणसांचा दाणा चिकात, काहींचा कडक झालेला आणि काही ताटं अजून निसवायची होती. मुरघासाला सगळी मका एकाच वेळी, ६५ ते ७० टक्के ओलाव्यावर यावी लागते. कापायची कधी, हेच ठरेना.

बाजारात येणारी पिवळी मका बहुतेक संकरित वाणांची असते. दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत जो जोम दिसतो, तो त्याच पिढीपुरता असतो. त्या पिकाचा दाणा पेरला की आई-बापाचे गुण वेगवेगळे फुटून येतात आणि जोमाचा जवळपास निम्मा भाग निघून जातो. पिशवीला पैसे मोजतो ते त्या एका पिढीचे.

पण घरचं बियाणं धरायची वाट बंद नाही. भारतात संकरित मका १९६१ साली आली, गंगा १, गंगा १०१, रणजीत, डेक्कन या नावांनी. दरवर्षी नवं बियाणं घेणं शेतकऱ्याला परवडेना, म्हणून सहाच वर्षांत, १९६७ साली, विजय, किसान, जवाहर, सोना असे संमिश्र वाण दिले गेले. पुष्कळ वाण एकत्र मोकळे फुलू दिले की संमिश्र वाण तयार होतो. त्यात जोम एका जोडीवर उभा नसतो, म्हणून घरचं बी तीन-चार वर्षं चालतं. आपल्या गोठ्यांच्या ओळखीची आफ्रिकन टॉल याच जातकुळीतली. एकदा चांगलं बी आणा, नंतर आपलं आपण धरा.

धरायचं कसं, हे मला एका कणसानं शिकवलं. आफ्रिकन टॉलचा दाणा पांढरा, चपटा. पहिल्या वर्षी बियाण्याची कणसं सोलायला बसलो, तर पांढऱ्या ओळींत मधूनच एखादा फिकट पिवळा दाणा. आधी रोग वाटला. मग बांधापलीकडं नजर गेली. शेजारची पिवळी संकरित मका त्याच आठवड्यात तुऱ्यावर होती. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याचा. ज्या केसावर पिवळ्याचा पराग पडला, त्याचा दाणा त्याच कणसात पिवळा होतो, पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. भेसळ इतकी उघड सांगणारं दुसरं पीक माझ्या बघण्यात नाही. नखानं ते दाणे टिपून काढले आणि भरड्यात टाकले. ते पेरले असते तर पुढच्या वर्षी त्यांची कणसं पांढरी-पिवळी मिसळून निघाली असती.

प्रमाणित बियाण्याला २०० मीटर अंतर लागतं. आपल्या तुकड्यांत ते कुठून आणायचं? मकेचा पराग जड असतो, बराचसा जवळच पडतो. मध्ये उभा ऊस असेल तर तेवढाच आडोसा. खरा उपाय वेळेचा. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन आलं की सगळ्यांच्या पेरण्या एका आठवड्यात उरकतात, म्हणून तुरेही एकदमच येतात. बियाण्याचा तुकडा २५ ते ३० दिवस मागं ठेवा, विहिरीच्या पाण्यावर पेरा. हे रब्बीतच करा. उन्हाळी मकेचा पराग एप्रिलच्या तापत्या दुपारी मरतो आणि कणसं बोडकी राहतात.

जागा किती लागते? चाऱ्यासाठी एकरी ३० किलो बी. एका कणसाचे मधले दाणे १०० ग्रॅम धरले तर ३०० कणसं झाली. दोन गुंठ्यांत ६० बाय २० सेंटिमीटरवर साधारण १,६०० ताटं बसतात. चारी कडा सोडल्या तरी हजारावर उरतात. त्यातून ३०० निवडायची, तीही उभ्या पिकात. कडेचं ताट घेऊ नका, ते मोकळ्या उजेडावर पोसलेलं असतं. भोवती ताटांची दाटी असूनही ज्यानं चांगलं कणीस धरलंय, ते ताट घ्या. दहा-वीस देखणी कणसं घेऊन भागवू नका. इतक्या थोड्यांवर वाण दोन-तीन पिढ्यांत खुजा होतो. गेल्या खेपेला सांगितलेली स्लरी इथं हात राखून द्या, नाहीतर ताटं उंच होऊन लोळतील.

दाणा उपटून त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की कणीस पक्व. सोलून सावलीत वाळवा, शेंड्याचे आणि बुडाचे दाणे काढून टाका, मधले ठेवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाच-सहा दिवस ठेवा. नव्वदच्या खाली उगवले तर बी वाढवून पेरा.

निमगावच्या वाचकानं यंदा दोनच गुंठे करून बघावेत आणि पिवळे दाणे किती निघाले ते मला कळवावं. खड्डा पुढच्या आठवड्यात.