वेळ संपली, पण भरलेला अर्ज का जावा?

शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला शोधायला कुणी उठतं, परत येऊन ‘सबमिट’ दाबतं आणि समोर पुन्हा लॉगिनचं पान येतं. दोष त्या माणसाच्या संथपणाचा नाही. सेशन संपवणं आणि भरलेली माहिती टाकून देणं या दोन वेगळ्या गोष्टी तिथे एकच मानल्या गेल्या आहेत. सायबर कॅफेतल्या संगणकावर सेशन आपोआप बंद व्हायलाच हवं, हा आक्षेप रास्त आहे. पण मसुदा सर्व्हरवर खातेदाराच्या नावाने जपला, तर तो पुन्हा ओळख पटवून तिथूनच पुढे भरू शकतो आणि त्या खुर्चीत नंतर बसणाऱ्याला काहीच दिसत नाही.

पान सोडताना ब्राउझर इशारा देतोच की, असंही म्हणतात. त्यावर विसंबू नये. क्रोम आणि फायरफॉक्स त्यात वेबसाइटचा स्वतःचा मजकूर दाखवत नाहीत. मोबाइलवर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन ब्राउझर बंद केला, तर तो इशारा येतच नाही. शिवाय सेशन संपतं तेव्हा पान उघडंच असतं! म्हणून पान नजरेआड होताच मसुदा साठवणं जास्त भरवशाचं. सेशन संपण्याआधीची सूचनाही हवीच. डब्ल्यूसीएजी या वेबसुलभतेच्या निकषांतला एक पर्याय असा: सूचना दिल्यावर मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, ती साध्या कृतीने, नुसतं एक बटण दाबूनही, वाढावी आणि निदान १० वेळा वाढवता यावी. स्क्रीन रीडरवर एकेक रकाना ऐकत भरणाऱ्याचा अर्ज त्यावर अवलंबून असतो.