टोपीवरच्या बिल्ल्यातला इतिहास

नाणी आणि टपाल तिकिटे यांच्याप्रमाणेच जुन्या लष्करी गणवेशावरील चिन्हे जमविण्याचा छंद ब्रिटनमध्ये रुजलेला आहे. त्यातही घोडदळाच्या टोपीवरील बिल्ल्यांना विशेष मान. १९१४ मध्ये ब्रिटिश घोडदळात, राजरक्षक तुकड्या वगळता, २८ नियमित रेजिमेंट होत्या. १९२२ मधील विलीनीकरणानंतर त्या २० उरल्या. स्वतंत्र अस्तित्व संपलेल्या अनेक रेजिमेंटची खूण आता या तळहाताएवढ्याही नसलेल्या धातूच्या तुकड्यांतच सापडते.

बिल्ल्याचे वय ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्यावरील मुकुट. १९०१ पासून राजांच्या कारकिर्दीत फुगीर कमानींचा 'ट्यूडर' मुकुट वापरात होता. एलिझाबेथ द्वितीय यांच्या काळात मध्यभागी खोलगट असलेला 'सेंट एडवर्ड' मुकुट आला. २०२२ मध्ये चार्ल्स तृतीय यांनी पुन्हा ट्यूडर मुकुट स्वीकारला. त्यामुळे ट्यूडर मुकुट दिसला की बिल्ला जुना, हा आडाखा आता पुरेसा नाही.

काही बिल्ल्यांवर तर मुकुटच नसतो. १७५९ मध्ये उभारलेल्या आणि पुढे भालाईत झालेल्या सतराव्या लान्सर्स रेजिमेंटचा बिल्ला हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यावर कवटी, तिच्यामागे दोन हाडे आणि पट्टीवर 'ऑर ग्लोरी' ही अक्षरे आहेत. कवटी म्हणजेच 'मृत्यू'. म्हणून संपूर्ण ब्रीद 'मृत्यू अथवा कीर्ती' असे वाचायचे. क्वेबेक येथे पडलेल्या जनरल वुल्फ यांच्या स्मरणार्थ हे चिन्ह निवडले गेले. ही रेजिमेंट १८५४ मध्ये बालाक्लावाच्या हल्ल्यात होती, तशीच १८५८ मध्ये मध्य हिंदुस्थानात तात्या टोपे यांच्या पाठलागावरही होती. १९२२ मध्ये ती एकविसाव्या लान्सर्समध्ये मिसळली, तरी कवटी कायम राहिली. दीर्घकाळ वापर आणि मोठी मागणी यांमुळे या बिल्ल्याच्या नकलाही बाजारात फार आहेत.

अशा वेळी बिल्ल्याची मागची बाजू पाहावी. ठशाने उठविलेल्या पत्र्यावर पुढच्या नक्षीची उलटी खोलगट प्रतिमा उमटते. ओतीव नकलेची पाठ बहुधा भरीव, खडबडीत असते आणि नक्षीही बोथट वाटते. टोपीत खोचायची उभी पट्टी अथवा कड्या, त्यांची जोडणी, धातूची जाडी हेही तपासावे. सर्वांत फसवे म्हणजे जुन्याच ठशांतून नंतर काढलेले बिल्ले. कारण त्यांची नक्षी अस्सल असते, काळ मात्र नसतो.

जुना बिल्ला चिंचेने किंवा पावडरीने घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. सैनिकाच्या रोजच्या पॉलिशने उंच भाग झिजतात आणि खोलगट भागांत काळपटपणा साचतो. तोच त्याच्या वापराचा पुरावा होय. बिल्ला कोठून व कोणाकडून आला, याची नोंद सोबत ठेवावी. ती हरवली की अस्सल वस्तूही निनावी होते आणि नकलेला तिच्या शेजारी सहज जागा मिळते.