मेरापीचा रोजनामा

जावा बेटावरच्या मेरापी ज्वालामुखीचं शिखर पहाटे मोकळं असतं. ऊन चढू लागलं की खालून ढग येतात आणि अख्खा डोंगर गडप होतो. म्हणून बाबादानच्या चौकीतलं नाजूक काम उजाडताच उरकावं लागतं. मेरापीभोवती अशा पाच चौक्या आहेत. ही शिखरापासून जेमतेम साडेचार किलोमीटरवर, शेतांच्या वरच्या अंगाला.

निरीक्षक जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बाहेर येतो, अंतरमापक यंत्राला डोळा लावतो आणि वरच्या उतारावर बसवलेल्या परावर्तकावर लेझर सोडतो. किरण परततो, आकडा उमटतो. लगेच हवेचं तापमान आणि दाब टिपायचा, कारण हवेच्या घनतेनुसार प्रकाशाचा वेग किंचित बदलतो आणि इथे तर हिशेब मिलिमीटरचा. मग तीच मोजणी पुन्हा, आणि पुन्हा. बघणाऱ्याला कंटाळा येतो, करणाऱ्याला येताना दिसत नाही. अंतर कमी भरलं तर उतार चौकीच्या दिशेने फुगतोय, म्हणजे आत शिलारस जागा करतोय.

मोजणी चालू असताना वरून दगड गडगडले. मी दचकलो. त्याने घड्याळ पाहिलं, वहीत वेळ लिहिली आणि पुढचा किरण सोडला. अशा ढासळीला इथे ‘गुगुरान’ म्हणतात. चौकीत ती ऐकू आली तर आवाज बारीक होता की मध्यम, हेही अहवालात जातं. यंत्रांच्या गर्दीत माणसाचा कान अजून हिशेबात धरला जातो, हे मला आवडलं.

सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून झाला तो पातळ होता. थरांवर थर टाकत तो लांबवर पसरला. मेरापीचा लाव्हा घट्ट. तो तोंडाशीच साचून घुमट होतो, घुमट वाढतो, त्याच्या कडा सुटतात. मोठा तुकडा कोसळला की तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोट ओढ्यांच्या वाटेने खाली सुटतो. त्याच्यापुढे पळून कोणी सुटत नाही. लांबून मात्र तो कुरळ्या लोकरीच्या मेंढरांचा कळप वाटतो, आणि गावकऱ्यांनी त्याला नावही तेच दिलंय: वेधुस गेंबेल.

आतल्या खोलीत भूकंपलेखाची रेघ सरकत असते. खडक तडकला तर खूण टोकदार उठते आणि पटकन विरते. दरड कोसळली तर रेघ हळूहळू जाड होत जाते, बराच वेळ थरथरते. निरीक्षक अशा खुणा वेगळ्या काढून मोजतो. किती, कोणत्या प्रकारच्या, दरडी कोणत्या ओढ्याकडे गेल्या, किती लांब, धूर कोणत्या रंगाचा, किती उंच: दर सहा तासांचा हिशेब योग्याकार्ताच्या केंद्राकडे जातो. २०२० च्या नोव्हेंबरपासून डोंगर चारपैकी तिसऱ्या इशाऱ्यावर आहे. एवढ्या काळाने इशाराही घरचाच होऊन बसतो.

मेरापीने १९३० मध्ये तेराशेहून अधिक माणसं घेतली. १९९४ मध्ये लोट तुर्गो गावावर आला तेव्हा तिथे लग्नघर होतं. २००६ मध्ये मात्र किनाहरेजो गाव वाचलं. तिथले म्बाह मारिजान हे सुलतानाच्या राजवाड्याने नेमलेले डोंगराचे राखणदार. ते तेव्हा घर सोडून हलले नव्हते, आणि त्यामुळे देशभर प्रसिद्ध झाले.

२०१० मध्ये तीच आठवण आड आली, असं मला वाटतं. सप्टेंबरपासून दक्षिणेचा उतार फुगत होता. ऑक्टोबरच्या अखेरीस अंतर दिवसाला सुमारे अर्धा मीटर घटू लागलं, तिथे एरवी सेंटिमीटरची घटही चर्चेची. २५ ऑक्टोबरला सर्वोच्च इशारा निघाला. २६ ला संध्याकाळी लोट किनाहरेजोवर आला. मारिजान त्यात गेले, आणि त्यांना न्यायला आलेलेही काही. पण खरा भडका पुढेच होता. ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर लोट गेंदोल नदीतून सुमारे पंधरा किलोमीटर उतरला. १८७२ नंतरचा हा सर्वांत मोठा उद्रेक. मधल्या काळातले सगळे त्याहून लहान, त्यामुळे मेरापी म्हणजे हळूहळू ढासळणारा घुमट, असाच सर्वांचा अनुभव. त्या रात्री धोक्याची हद्द पंधरावरून वीस किलोमीटरवर नेली गेली. जवळपास चार लाख माणसं हलवली. साडेतीनशेच्या आसपास दगावली. आकडेवारीकडे कानाडोळा झाला असता तर हजारो गेली असती.

निरीक्षकाच्या टेबलावर वॉकी-टॉकी सारखी बोलत असते. खालच्या वस्त्यांतही ती ऐकतात आणि अहवालाची वाट न बघता सरळ विचारतात. त्या दिवशी गाईंसाठी गवत कापायला वर निघालेल्या एकाने विचारलं, ‘पाक, जाऊ का?’ पाक म्हणजे वडीलधाऱ्याला हाक. तोवर शिखरावर ढग बसले होते.

‘मला काही दिसत नाही,’ निरीक्षक म्हणाला. ‘सकाळपासून दरडी वाढल्यात. खालच्याच बांधावरचं काप.’

पलीकडून खालच्या बांधावर गवत कसं उरलेलं नाही यावर लांबलचक तक्रार आली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली, तेच उत्तर पुन्हा दिलं, आणि मग सहा तासांचे आकडे सांगायला घेतले.