स्मूद जॅझ (सॅक्सोफोनवादन)

स्मूद जॅझ ही जॅझ संगीताची सौम्य, सुरावटप्रधान शैली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत जॅझ, ऱ्हिदम अँड ब्लूज आणि पॉप यांच्या मिश्रणातून ती आकाराला आली. ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर (१९४३–१९९९) यांचे ‘मिस्टर मॅजिक’ (१९७५) व ‘वाइनलाइट’ (१९८०) हे अल्बम आणि केनी जी यांची ‘साँगबर्ड’ ही रचना ही तिची परिचित उदाहरणे होत. या शैलीत मुख्य धून बहुधा सॅक्सोफोनवर वाजते.

ऐकायला सोपी म्हणून ही शैली शिकायलाही सोपी असावी, असा समज आढळतो; तो खरा नाही. जलद स्वरांच्या गर्दीत कच्चा सूर झाकून जातो, येथे मात्र प्रत्येक स्वर दीर्घकाळ उघडा राहतो.

== सराव ==

नवशिके बहुधा आल्टो सॅक्सोफोन व २ किंवा २½ क्रमांकाची रीड घेतात. सोप्रानो मोहक असला, तरी त्यावर सूर नेमका राखणे अधिक कठीण असते. सरावाचा प्रारंभ दीर्घ स्वरांनी होतो : एकच स्वर हळुवार उचलावा, वाढवावा आणि पट्टी न ढळू देता क्षीण करीत न्यावा. खर्जाच्या रियाजाशी याचे साम्य मराठी वाचकाच्या सहज ध्यानी येईल. स्वराला आधार श्वासाचा हवा. ओठांनी रीड आवळल्यास सूर चढतो. खालच्या जबड्याच्या हलक्या हालचालीने दिला जाणारा कंप स्वर स्थिरावल्यावरच शिकावा, अन्यथा तो बेसूरपणा लपविण्याचे साधन बनतो. मंद्र स्वरांत ओठ सैल ठेवून काढलेल्या श्वासमिश्रित नादास ‘सबटोन’ म्हणतात.

आल्टोवर लिहिलेला सी प्रत्यक्षात ई फ्लॅट ऐकू येतो. त्यामुळे ‘वाइनलाइट’मधील ‘जस्ट द टू ऑफ अस’ हे एफ मायनरमधील गीत आल्टोवादकाला डी मायनरमध्ये वाजवावे लागते. धून आधी गाऊन पाहावी, मग वाजवावी. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरून स्वर किंचित मागे रेंगाळू देण्याचा सराव करावा. मात्र लय रेंगाळता कामा नये.

== टीका ==

केनी जी यांनी लुई आर्मस्ट्राँग यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपले वादन चढविले, तेव्हा गिटारवादक पॅट मेथेनी यांनी कठोर टीका केली. तीत उत्स्फूर्त वादनाच्या तोकडेपणाबरोबरच सूर चढा लागण्याचाही आक्षेप होता.