ज्वलनशील वायूने जनित्र का थंड करतात?

परीक्षानळीतल्या हायड्रोजनजवळ पेटती काडी नेली की 'फट्' असा आवाज होतो, हा प्रयोग शाळेत सर्वांच्या परिचयाचा आहे. हाच वायू मोठ्या वीजकेंद्रांतील जनित्रांत, हजारो व्होल्टच्या वेटोळ्यांभोवती, मुद्दाम भरलेला असतो असे सांगितले, तर विद्यार्थी नक्कीच विचारतील, "मग स्फोट कसा होत नाही?"

आधी गरज पाहू. मोठ्या जनित्राची कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या आसपास असते. ५०० मेगावॉटच्या जनित्रात उरलेला १ टक्का म्हणजे ५ मेगावॉट उष्णता. एक किलोवॉटच्या ५,००० शेगड्या एकाच यंत्राच्या पोटात अखंड पेटलेल्या आहेत अशी कल्पना करा. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर तारांवरचे विद्युतरोधक आवरण खराब होते.

हवा वापरायला अडचण कोणती? जनित्राचा रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो. त्याचा व्यास १ मीटर धरला, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १५७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६५ किलोमीटर होतो. (हे गणित वर्गात करून घेता येईल.) एवढ्या वेगाने हवा घुसळली की घर्षणानेच पुष्कळ उष्णता निर्माण होते. म्हणजे जी थंडावा द्यायला आणली, तीच तापवू लागते.

हायड्रोजनची घनता हवेच्या सुमारे एक चतुर्दशांश आहे. त्यामुळे घर्षणात वाया जाणारी शक्ती त्याच प्रमाणात घटते. शिवाय त्याचे हलके रेणू फार वेगाने धावतात, म्हणून त्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सातपट असते. विशिष्ट उष्मा हवेच्या १४ पट आहे खरा, पण तो दर ग्रॅमला. एक लिटर हायड्रोजन आणि एक लिटर हवा यांची उष्णता सामावण्याची क्षमता जवळजवळ सारखीच. ती वाढवायची तर वायूचा दाब वाढवावा लागतो. तीन-चार वातावरणे दाबाखालीही हायड्रोजन साध्या हवेपेक्षा खूपच हलका राहतो. तापलेला वायू जनित्रातच बसवलेल्या थंड पाण्याच्या नळ्यांवरून फिरवून पुन्हा वापरतात. अमेरिकेत डेटन येथे १९३७ साली असे पहिले टर्बोजनित्र सुरू झाले.

हेलियम जळत नाही, मग तो का नको? तो हायड्रोजनच्या दुप्पट जड, महाग आणि दुर्मिळ आहे. हायड्रोजन मात्र वीजकेंद्रातच पाण्याच्या विद्युत्‌ अपघटनाने तयार करता येतो.

आता स्फोटाचा प्रश्न. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. हवेतील हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असेल तरच मिश्रण पेट घेते. जनित्रात ते ९५ टक्क्यांहून बरेच अधिक राखतात, त्यामुळे आत ठिणगी पडली तरी काही पेटत नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असल्याने फट पडली तरी हवा आत शिरत नाही. दंड जिथून बाहेर येतो तिथे वायूहून अधिक दाबाच्या तेलाचा पातळ थर वायूला अडवतो. वायू भरतानाही हवा व हायड्रोजन यांची गाठ पडू देत नाहीत. प्रथम खालून जड कार्बन डायऑक्साइड सोडून हवा वरून हुसकतात. मग वरून हलका हायड्रोजन सोडून कार्बन डायऑक्साइड खालून बाहेर काढतात. रिकामे करताना पुन्हा मधे कार्बन डायऑक्साइड असतोच.

ही तटबंदी तुटली तर काय होते, ते ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीजकेंद्रात दिसले. टर्बाइनची पाती तुटली, यंत्र जोराने हादरले, तेलाचे अडसर निकामी झाले आणि बाहेर पडलेल्या हायड्रोजनने पेट घेतला. पाठोपाठ तेल पेटले, केबली जळाल्या आणि केंद्राचा वीजपुरवठा सुमारे १७ तास बंद पडला. अणुभट्टी ताबडतोब बंद करण्यात आली. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवून तिची उष्णता काढून घेतली गेली, आणि किरणोत्सर्ग बाहेर पसरला नाही.

वायू तोच होता; जनित्राच्या आत निर्धोक असलेला हायड्रोजन हवेची भेट होताच घातक ठरला. म्हणूनच अशा केंद्रांत वायूची शुद्धता, त्याचा दाब आणि तेलाचा दाब यांवर रात्रंदिवस नजर ठेवावी लागते.